दिलेला शब्द

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, सातपुड्याच्या पायथ्याशी, आमचे सौंसर वसलेले आहे. राज्य मध्य प्रदेश, कचेरीतली भाषा हिंदी. पण घरातली, बाजारातली आणि भांडणातली भाषा अजून मराठीच. गावाभोवती संत्र्यांच्या बागा आहेत. दूरच्या शहरांत नागपुरी संत्री म्हणून जी फळे विकली जातात, त्यांतली पुष्कळशी सौंसर-पांढुर्ण्याच्या काळ्या मातीत पिकलेली असतात, हे खाणाऱ्यांना ठाऊक नसते आणि पिकवणाऱ्यांना त्याचा विषादही नसतो.

माझे काका या संत्र्यांचे लहानसे व्यापारी. बागवानांकडून फळ घ्यावे, काट्यावर तोलावे, नागपूरला कळमन्याच्या बाजारात पाठवावे आणि हंगाम सरला की प्रत्येकाला हिशोबपट्टी करून त्याचे पैसे चुकते करावेत, असा त्यांचा पन्नास वर्षांचा क्रम. मी शिकून पुण्यास गेलो आणि संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे ज्यांना सगळे प्रोग्राम म्हणतात ते, लिहिण्याच्या धंद्यात पडलो. काकांच्या लाल वह्यांची मला लहानपणापासून अपूर्वाई होती. पण त्यांतल्या बेरजा करताना म्हातारपणी त्यांचे डोळे शिणू लागलेले पाहिले, तेव्हा २०१४ साली मी त्यांच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. तारीख, बागवानाचे नाव, वजन आणि भाव एवढे भरावे. हंगामाअखेर एक कळ दाबावी. पट्टी छापून बाहेर यावी. काकांनी दोन वर्षे वही आणि यंत्र ताडून पाहिले. नंतर त्यांनी वही लिहिणे सोडले. लक्ष्मीपूजनाला मात्र दरवर्षी नवी वही आणायची, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहायचे, कुंकू वाहायचे आणि ती कोरीच कपाटात ठेवायची, एवढा रिवाज उरला.

२०२२ च्या दिवाळीला मी घरी गेलो, तेव्हा जुने यंत्र अखेरची घरघर लागल्यासारखे करीत होते. नागपूरहून नवे आणले. लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. त्याच दुपारी मी सारी जुनी नोंद नव्या यंत्रावर घेतली, प्रोग्राम चढवला, त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या आंतरजालावरून उतरवून घेतल्या, त्या दिवसाची एक खोटी नोंद भरून पाहिली आणि पट्टी बरोबर आली म्हणून समाधानाने आंघोळीला गेलो. संध्याकाळी कोऱ्या वहीशेजारी यंत्राचीही पूजा झाली.

डिसेंबरच्या अखेरीस आंबिया बहाराचे हिशोब सुरू झाले. तीन बागवान आले, पट्ट्या घेतल्या, पैसे मोजून घेतले आणि गेले. चौथा आला तो भिंतीवरचे कॅलेंडरच काढून काखेत घेऊन आला. ज्या दिवशी गाडी भरली त्या दिवसाच्या चौकोनात त्याने पेन्सिलीने वजन टिपून ठेवले होते. पट्टी दोनदा वाचून तो हलक्या आवाजात म्हणाला, “भाऊ, नोव्हेंबरच्या पाच तारखेची गाडी याच्यात दिसत नाही जी.”

काकांनी यंत्रात पाहिले. नोंद होती, पट्टीत मात्र नव्हती. त्यांनी मला पुण्याला फोन केला. आवाजात राग नव्हता. “बाबू, तुझ्या मशीननं पाच तारीख कुठं ठेवली रे?” एवढेच त्यांनी विचारले.

ती शोधायला मला चार तास लागले. माझा प्रोग्राम तारखा वाचण्याचे काम स्वतः करीत नव्हता. त्यासाठी मी दुसऱ्या कोणी लिहिलेली एक लायब्ररी वापरली होती. मी २०१४ मध्ये ती घेतली, तेव्हा ‘०५-११’ असे लिहिले की ती आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पाच नोव्हेंबर असे वाचीत असे. मधल्या काळात तिच्या कर्त्यांनी नवी आवृत्ती काढली आणि अमेरिकेतल्या रीतीप्रमाणे महिना आधी धरण्याचे ठरवले. आता तेच ‘०५-११’ अकरा मे झाले होते. अकरा मे हंगामाबाहेरचा दिवस, म्हणून ती गाडी पट्टीतून गळाली. महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांतल्या गाड्या अशाच नाहीशा झाल्या होत्या. तेरा तारखेनंतरच्या साऱ्या बरोबर होत्या, कारण तेरावा महिना नसतो आणि तेथे लायब्ररी आपोआप सरळ अर्थावर येई. मी परीक्षा घेतली ती नेमकी चोवीस तारखेची. प्रोग्राम बंद पडला असता तर बरे झाले असते. तो चालत राहिला, आणि सुबक अक्षरांत छापून खोटे सांगत राहिला.

ज्यांचा या विद्येशी संबंध नाही अशा वाचकांसाठी येथे थोडे थांबणे भाग आहे. कोणताही प्रोग्राम आज पहिल्या अक्षरापासून कोणी लिहीत नाही. तारखा वाचणे, बेरजा करणे, कागदावर छापणे अशी नित्याची कामे करणारे तयार भाग जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेले असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. ती आतून कशी चालते हे वापरणाऱ्याला पाहावे लागत नाही. अमुक नावाने हाक मारावी, अमुक क्रमाने माहिती द्यावी, म्हणजे अमुक उत्तर मिळेल, एवढा करार पुरतो. या कराराला इंटरफेस म्हणतात. आमच्या गावच्या माणसाला तो रेल्वेच्या रुळांवरून चटकन समजतो. नागपूर-छिंदवाडा ही आमची छोटी गाडी अडीच फुटी रुळांवर धावत असे. डबा बांधणारा आणि रूळ टाकणारा यांनी एकमेकांचे तोंडही पाहण्याची गरज नव्हती. दोघांनी अडीच फुटांचा शब्द पाळला की गाडी लोधीखेड्याहून सौंसरला आणि सौंसरहून रामाकोन्याला बिनबोभाट जाई. २०१५ च्या अखेरीस ती गाडी बंद झाली आणि साडेपाच फुटी रूळ पडू लागले. तेव्हा जुन्या डब्याला कोणी म्हणाले नाही की, तू आपला चालत राहा. डब्याचा तो मार्ग संपला, हे सर्वांना उघड दिसत होते. रूळ रुंद झाले आहेत आणि डब्याला ते ठाऊक नाही, असे प्रकार फक्त आमच्या धंद्यात घडतात.

दोष कोणाचा? प्रथम मला त्या अनोळखी लायब्ररीकर्त्यांचा राग आला. मग मी त्यांच्या नव्या आवृत्तीबरोबरची टीप काढून पाहिली. तारखेचा क्रम बदलल्याचे तिच्यात लिहिलेले होते, एका ओळीत, पुष्कळ इतर ओळींच्या मध्ये. हे लोक बहुधा रात्री, नोकरी सांभाळून, फुकट काम करतात. त्यांनी सांगितले होते. मी वाचले नव्हते. शिवाय जुनी आवृत्ती नावानिशी मागून घेण्याची सोय असताना मी ‘जी नवी असेल ती दे’ असे म्हटले होते. तेव्हा चूक माझी, हे मी कबूल केले. पण मन शांत झाले नाही. त्या एका ओळीवर बोट ठेवून बसलो असताना मला दुसरी एक सकाळ आठवली.

त्या प्रसंगाच्या एक वर्ष आधीची गोष्ट. माझ्या कचेरीत मीही एक लायब्ररी सांभाळतो. कचेरीतली दुसरी मंडळी तिच्यावर आपापले प्रोग्राम उभे करतात. तिच्यातल्या एका भागाचे नाव मला फार दिवस खुपत होते. ते लांबलचक होते, व्याकरणालाही धरून नव्हते. एका निवांत संध्याकाळी मी ते बदलून सुटसुटीत केले, टीप लिहिली आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन ठिकाणचे काम ठप्प झाले. त्यांतले एक नुकत्याच नोकरीस लागलेल्या एका मुलीचे होते. तिला त्या दिवशी वरिष्ठांपुढे आपले पहिले काम दाखवायचे होते आणि ती रात्रभर आपलीच चूक शोधीत बसली होती. तिने मला विचारले, “सर, नाव का बदललं?” मी म्हणालो, “टीप वाचली नाहीस का?” ती काही बोलली नाही. उत्तर बिनतोड आहे, असे मला तेव्हा वाटले होते.

काकांच्या बागवानाने कॅलेंडर उलगडून दाखवले, तेव्हा त्या उत्तराची किंमत मला कळली. नाव माझे होते, लायब्ररी माझी होती. परंतु ज्या दिवशी तिने त्या नावावर आपले काम टेकवले, त्या दिवसापासून ते नाव पूर्णपणे माझे राहिले नव्हते. आपण दुसऱ्याला काही नाव सांगतो, तेव्हा नुसता शब्द सांगत नाही, शब्द देतो. मराठीने या दोहोंसाठी एकच शब्द ठेवला आहे, तो उगीच नव्हे.

हा आधार किती दूरवर पोहोचलेला असतो, याचा पडताळा सगळ्या जगाला मार्च २०१६ मध्ये आला. अक्षरांच्या डावीकडे हवी तितकी मोकळी जागा भरणारी, अवघ्या अकरा ओळींची एक लायब्ररी होती; तिचे नाव ‘लेफ्ट-पॅड’. तिच्या कर्त्याचा एका दुसऱ्याच नावावरून तंटा झाला आणि त्याने रागाने आपले सारे लिखाण सार्वजनिक कोठारातून काढून घेतले. ते त्याचे स्वतःचे होते. काढण्याची मुभाही होती. पण त्या अकरा ओळींवर दुसरे प्रोग्राम, त्यांवर तिसरे, असे मजले चढलेले होते. जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांची कामे काही तास अडली. ज्यांची अडली त्यांतल्या बहुतेकांना ही लायब्ररी आपल्या घराच्या पायात आहे याचा पत्ताही नव्हता. शेवटी कोठाराच्या चालकांनी त्या ओळी परत ठेवल्या आणि पुढे नियमच बदलला: दुसऱ्यांनी आधार घेतलेली वस्तू तिच्या मालकालाही मनास येईल तेव्हा काढून नेता येऊ नये.

मग काय, कधी काही बदलूच नये? तसे म्हणणेही खरे नाही. पायथॉन नावाची संगणकाची एक लोकप्रिय भाषा आहे. डिसेंबर २००८ मध्ये तिची तिसरी पिढी आली आणि दुसऱ्या पिढीत लिहिलेले असंख्य प्रोग्राम तिच्यात जसेच्या तसे चालेनात. मोठा गदारोळ झाला. परंतु त्या बदलाचे एक कारण आपल्या जिव्हाळ्याचे होते. जुन्या पायथॉनला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली, तर प्रचलित साठवणीत तो पंधरा असे सांगे. कारण तो अक्षरे न मोजता ती साठवायला लागणारे बाइट मोजीत असे. नवा पायथॉन पाच सांगतो: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. शाळेतल्या मुलाचे तीन हे उत्तर त्याला अजून येत नाही, तरी पंधरापेक्षा पाच बरे. इंग्रजीपलीकडच्या लिप्यांना घरात जागा द्यायची तर घर थोडे पाडणे भाग होते. मात्र त्यांनी जुनी वाट लगेच बुजवली नाही. दोन्ही पिढ्या शेजारी शेजारी नांदल्या. जुनीचा शेवट आधी २०१५ ला ठरला होता, तो लोकांची तयारी नाही असे पाहून पुढे नेला आणि १ जानेवारी २०२० ला तिचा सांभाळ थांबवला. अकरा वर्षांची मुदत काही थोडी नव्हे.

त्या जानेवारीत मी सुटी काढून सौंसरला गेलो आणि हे सारे काकांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “हे तर नव्या पैशासारखं झालं.” १ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली, तेव्हा काका दहा वर्षांचे होते. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. आता रुपयाचे शंभर झाले. चार आण्यांचे पंचवीस, आठ आण्यांचे पन्नास, हे सरळ होते. पण एका आण्याचे सव्वासहा होत, म्हणून सहा धरायचे. सुट्या सोळा आण्यांचे शहाण्णवच भरत आणि चार कोठे गेले, असा प्रश्न काकांसारख्या मुलांना पडे. आजोबांच्या दुकानात भिंतीवर कोष्टक टांगलेले होते. जुनी आणि नवी नाणी काही काळ एकाच गल्ल्यात खुळखुळत असत. “पण त्यायनं नाव वेगळं ठेवलं होतं,” काका म्हणाले. “नुसता पैसा म्हटला का चौसष्टातला, नया पैसा म्हटला का शंभरातला. कोणी फसलं नाही.”

मी थक्क झालो. जी गोष्ट त्या तारखेच्या लायब्ररीला सुचली नाही आणि मलाही सुचली नव्हती, ती १९५७ साली सरकारला सुचली होती. अर्थ बदलायचा असेल तर नाव बदला. जुन्या नावाला जुनाच अर्थ असू द्या. दोन्ही काही काळ चालू द्या. आणि जुन्याचा आधार घेणारे उरले नाहीत म्हणजे मग पुढचे पाहा. ‘नया’ हे विशेषण १ जून १९६४ ला गळाले, तोवर सात वर्षे लोटली होती आणि दुसऱ्या पैशाशी घोटाळा होण्याचा संभव उरला नव्हता. आमच्या काकांची नाणी त्या सात वर्षांत बदलली. तारखेच्या लायब्ररीने मात्र जुन्याच नावाखाली नवा पैसा हातावर ठेवला होता.

सौंसरला वरून आलेले बदल नवे नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ ला आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही येथेच राहिलो. २०२३ मध्ये आमचा जिल्हा छिंदवाडा होता तो पांढुर्णा झाला. आम्ही जागचे हललो नाही. आमच्याभोवतीची नावे हलली. म्हणून की काय, ‘बदल झाला, टीप लावली होती’ एवढ्याने आमच्याकडे कोणाचे समाधान होत नाही. जुन्या पत्त्यावर टाकलेले पत्र पोहोचते की नाही, हे लोक आधी पाहतात.

जुन्या पत्त्यावरचे पत्र पोहोचते ठेवण्याचा एक नमुना आपल्या लिपीतच आहे. या मासिकाच्या गोव्याकडच्या वाचकाला दर्या प्रिय. आम्हा सातपुड्याच्या लोकांच्या वाट्याला दऱ्या आल्या. दोन शब्दांत फरक एवढाच की, एकात रफार डोक्यावर बसतो आणि दुसऱ्यात ‘र’ आडवा होऊन ‘य’ला बिलगतो. हिंदीला त्या आडव्या खुणेचे काम पडत नाही. आपले तिच्यावाचून भागत नाही. जगातल्या सर्व लिप्यांसाठी युनिकोड नावाची जी संकेतप्रणाली आहे, तिच्यात ही खूण लिहिण्याचा आधी एक मार्ग होता: ‘र’, हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. मग भारतीय मानकाला धरून खाली टिंब असलेल्या ‘ऱ’पासून ती लिहावी असे ठरले. परंतु पहिला मार्ग रद्द झाला नाही. जुन्या लिखाणासाठी तो अजून वैध आहे. याचा त्रासही होतो: डोळ्यांना एकच दिसणाऱ्या ‘दऱ्या’ यंत्राला दोन वाटतात आणि शोधताना एक सापडली तरी दुसरी निसटते. पण कोणाचेही जुने पान या बदलापायी खोटे पडले नाही. एकदा ज्या अक्षराला जो क्रमांक दिला, तो पुन्हा हलवायचा नाही की काढून घ्यायचा नाही, असा युनिकोडचा शब्दच आहे. १९९६ मध्ये कोरियन अक्षरे एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवण्याचा अनुभव घेतल्यानंतर त्यांनी तो दिला. लिनक्स प्रणालीचे कर्ते लिनस तोरवाल्डस यांचाही असाच एक कडक नियम आहे: प्रणालीच्या गाभ्यातल्या बदलाने वरचा चालता प्रोग्राम मोडला, तर दोष गाभ्याचा, प्रोग्रामचा नव्हे. टीप वाचली होती काय, असे तेथे विचारीत नाहीत.

पुण्याला परतल्यावर मी दोन कामे केली. काकांच्या प्रोग्रामला लायब्ररीची एकच ठराविक आवृत्ती खिळ्याने ठोकावी तशी ठोकून दिली, आणि नोंदलेल्या गाड्या व पट्टीतल्या गाड्या यांची संख्या जुळली नाही तर त्याने मुकाट्याने न छापता थांबून ओरडावे, अशी व्यवस्था केली. कचेरीतल्या लायब्ररीत मी ते लांबलचक, व्याकरणाला न धरणारे नाव पुन्हा बसवले. नवे आहेच; जुन्या नावानेही हाक मारली तर तेच उत्तर मिळते आणि वर एक सूचना दिसते. त्या मुलीला मी जाऊन सांगितले, की तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चूक. ती हसली आणि म्हणाली, “सर, आता मी दुरुस्त केलंय की.” उशीर झाला होता, हे खरेच.

काकांनी मात्र माझी वाट पाहिली नव्हती. ज्या संध्याकाळी मी त्यांना फोनवर कारण सांगितले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या पहिल्या तीन बागवानांच्या घरी स्वतः गेले आणि राहिलेले पैसे त्यांच्या हातात ठेवून आले. दोघांना फरक लक्षातच आला नव्हता. तिसऱ्याने सांगितले, की आकडा कमी वाटला होता. “मग बोलला का नाहीस?” असे काकांनी विचारले. तो म्हणाला, “भाऊ, तुमची पट्टी होती जी.”

हे वाक्य काकांनी मला सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या दिवाळीची वही त्यांनी कपाटातून काढली होती. ‘श्री’च्या खाली, थरथरत्या पण ठसठशीत अक्षरांत, त्या हंगामातली प्रत्येक गाडी तारखेसह उतरवलेली होती, आणि तारखेत महिना आकड्याने न लिहिता अक्षरांनी लिहिला होता. यंत्रही चालू आहे. दर शनिवारी काका दोन्ही ताडून पाहतात.